मोटर फिरली की सेन्सर का बिघडतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक टीम रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेसाठी रोबोट बांधते आहे. चार मेकॅनम (आडवंही सरकू देणारी) चाकं, चार डीसी मोटर, प्रत्येक चाकाला फेऱ्या मोजणारा, फेरीमागे ६०० पल्सचा एन्कोडर, पुढे आठ डोळ्यांचा लाइन सेन्सर, मधोमध एमपीयू६०५० हा आयएमयू (रोबोटचा कल आणि वळण मोजणारा सेन्सर) आणि वस्तू धरायला एमजी९९६आर जातीचे दोन सर्वो (ठरलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटर). कंट्रोलर अर्डुइनो मेगा. सहा सेलची एकच लायपो बॅटरी, आणि तिच्यावरून ५ व्होल्ट करणारा एलएम२५९६ चा एकच बक मोड्यूल. रोबोट स्टँडवर, चाकं हवेत असताना सगळं बरोबर चालतं. जमिनीवर ठेवून पळवला की एन्कोडरचे आकडे उड्या मारतात, लाइन सेन्सरची रीडिंग सरकतात, आयएमयू मधेच गोठतो आणि कधीकधी अख्खा रोबोट अडकून पडतो. पकड बंद होताना कंट्रोलर रीसेट होतो. लॅपटॉपची केबल जोडली की त्रास बराच कमी होतो. दोन एन्कोडर आणि एक आयएमयू बदलून झाले, फरक नाही. आता काय बदलायचं?

आत्ता काहीच बदलू नका. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून सेन्सर खराब असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. एकाच वेळी एन्कोडर, लाइन सेन्सर आणि आयएमयू असे तीन वेगळे सेन्सर बिघडत असतील, तर दोष त्या तिघांत जे सामायिक आहे तिथे असतो, आणि तुमच्या रोबोटवर तिघांत सामायिक आहे ती ग्राउंडची काळी वायर आणि ५ व्होल्टची लाल वायर. तिथूनच सुरुवात करू.

त्याआधी एक गोष्ट आजच करा. प्रोग्रामच्या सेटअपमध्ये बझर दोनदा वाजवायची ओळ टाका. पळता पळता रोबोट बिघडला आणि दोन बीप ऐकू आल्या, तर कंट्रोलर रीसेट झाला. बीप न येता सगळं जिथल्या तिथे थांबलं, तर प्रोग्राम अडकला. हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची कारणं वेगळी, उपाय वेगळे. मुलं दोन्हींना ‘हँग झाला’ म्हणतात आणि मग एका आजाराचं औषध दुसऱ्याला देत बसतात. प्रोग्राम अडकला तर मोटरला शेवटचा दिलेला पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारा सिग्नल) तसाच चालू राहतो, हेही ध्यानात ठेवा. चाचणी घेताना एकाचा हात कायम इमर्जन्सी स्विचवर असू द्या. हा नियम मी एकदाही सोडलेला नाही.

लॅपटॉप जोडला की त्रास कमी होतो, हा तुम्ही दिलेला सगळ्यात मोलाचा पुरावा आहे. तुम्ही बकचे ५ व्होल्ट मेगाच्या ५ व्होल्टच्या पिनला थेट देता आहात. यूएसबी जोडली की लॅपटॉपचे ५ व्होल्टही बोर्डावरच्या फ्यूजमधून त्याच रेषेवर येतात. म्हणजे लॅपटॉप तुमच्या बकला टेकू देतो. टेकू दिल्यावर रोबोट उभा राहतो, याचा अर्थ ५ व्होल्टची बाजू लंगडी आहे. उलट दिशेनंही पाहा: बक लॅपटॉपच्या पोर्टात करंट ढकलू शकतो. त्यामुळे डीबगिंगसाठी यूएसबी केबल लावणार असाल तर तिची लाल वायर तोडलेली एक वेगळी केबल बनवून ठेवा. प्रोग्राम टाकता येतो, आकडे बघता येतात आणि पुरवठा मात्र रोबोटचाच राहतो. या एका केबलमुळे ‘लॅपटॉप लावल्यावर चालतो’ हे कोडंच संपतं, कारण दोष लॅपटॉप लावलेला असतानाही दिसायला लागतो.

आता रीसेट. सहा सेलची लायपो पूर्ण भरली की २५.२ व्होल्ट, सरासरी २२.२. चार मोटरनी एकदम जोर लावला आणि बॅटरी थोडी जुनी असली तर दोनतीन व्होल्ट सहज पडतात. पण २४ वरून ५ करणाऱ्या बकला त्यानं काही होत नाही. आत २० आले काय नि १५ आले काय, बाहेर ५ च येतात. म्हणून ‘बॅटरी बसते म्हणून रीसेट होतो’ हे निदान तीन सेलच्या छोट्या रोबोटला लागू असेल, तुमच्या रोबोटला सहसा लागू नाही. तुमचा रीसेट पकड बंद होताना होतो. एमजी९९६आर अडला की एकटा सुमारे अडीच अँपिअर ओढतो, आणि पकड म्हणजे अडणंच: वस्तू मधे आली की सर्वो पुढे जाऊ शकत नाही आणि दाबत राहतो. दोन सर्वो मिळून पाच अँपिअर. एलएम२५९६ कागदावर तीन अँपिअरचा, आणि हीटसिंकशिवायच्या छोट्या मोड्यूलवर सतत दोनच्या पुढे मी तरी जाऊ देत नाही. तुम्ही त्याच्याकडे पाच मागता आणि त्याच रेषेवर कंट्रोलर बसवता.

इथे एक बारकावा आहे, तो बहुतेकांना माहीत नसतो. मेगावरची एटीमेगा२५६० चिप १६ मेगाहर्ट्झवर नीट चालायला तिला किमान साडेचार व्होल्ट लागतात. पण अर्डुइनोच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये कमी व्होल्टेजमुळे होणारा रीसेट २.७ व्होल्टच्या आसपास येतो. म्हणजे साडेचार ते २.७ या पट्ट्यात चिप रीसेटही होत नाही आणि भरवशानं चालतही नाही. काहीही करू शकते. तुमचा ‘कधीकधी अख्खा रोबोट अडकतो’ हा प्रकार या पट्ट्यात घडत असण्याची बरीच शक्यता आहे.

मल्टिमीटरवर ही बुडी दिसणार नाही. पाच मिलिसेकंदांचा खड्डा तो सरासरीत बुजवून टाकतो आणि निवांत ४.९८ दाखवतो. कॉलेजच्या लॅबमधला डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप) मागून घ्या. प्रोब मेगाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पिनवरच लावा, बकच्या तोंडाशी नको. ट्रिगर उतरत्या कडेवर, ४.६ व्होल्टला, मोड सिंगल. प्रोबची काळी क्लिप भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेली असते, म्हणून त्या वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. मग पकडीत एक लाकडी ठोकळा देऊन ती बंद करा. स्क्रीनवर खड्डा आला तर वाद संपला.

उपाय सोपा आहे: सर्वोंना वेगळा बक, ६ व्होल्टला लावलेला, निदान आठ अँपिअरचा, म्हणजे पाच अँपिअर ओढतानाही तो धापा टाकणार नाही. त्याची लाल आणि काळी वायर थेट बॅटरीच्या वाटप बोर्डापासून आणायची. मेगाचा बक फक्त मेगा आणि सेन्सर यांच्यासाठी. यावर मुलं विचारतात, मोठा कपॅसिटर लावून भागणार नाही का? हिशेब करून बघा. एक अँपिअर पाच मिलिसेकंद पुरवायचे आणि व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडू द्यायचं नाही, तर १०,००० मायक्रोफॅरड लागतात. ५ व्होल्टच्या बाजूला कपॅसिटर फार दुबळा असतो.

तोच कपॅसिटर बकच्या आधी, बॅटरीच्या बाजूला लावा आणि त्याच्या आधी करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा एक शॉटकी डायोड टाका, म्हणजे मोटरना त्यातला चार्ज परत ओढून घेता येणार नाही. आता तो कपॅसिटर २२ व्होल्टवरून ९ पर्यंत उतरला तरी बक बाहेर ५ देत राहतो. २२०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एक कपॅसिटर घेतला तर साठलेली वापरण्याजोगी ऊर्जा साधारण ०.४४ ज्यूल. तुमच्या मेगाला आणि सेन्सरना मिळून बकमधली गळती धरून सहा वॉट लागतात असं मानलं, तर सत्तर मिलिसेकंदांहून जास्त निभतं. बॅटरीचा कनेक्टर धक्क्यानं क्षणभर सुटला तरी कंट्रोलरला कळत नाही. मी बांधलेल्या प्रत्येक रोबोटवर ही डायोड-कपॅसिटरची जोडी असते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे ग्राउंड.

सर्किटच्या चित्रात ग्राउंडची खूण काढली की आपण मनात ‘शून्य व्होल्ट’ म्हणतो. रोबोटवर तसं नसतं. ग्राउंड म्हणजे तांब्याची वायर, आणि तांब्याला रोध असतो. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण १७.५ मिलिओहम. सत्तर सेंटिमीटर वायर म्हणजे १२ मिलिओहम. त्यातून मोटरचे २५ अँपिअर परत बॅटरीकडे निघाले की त्या वायरच्या दोन टोकांत ३०० मिलिव्होल्टचा फरक पडतो. मोटर बंद, फरक शून्य. चाकं हवेत, मोटर दोनतीन अँपिअर ओढते, फरक नगण्य. जमिनीवर रोबोटचं वजन पडलं, झटका देऊन निघाला, की ३०० मिलिव्होल्ट. स्टँडवर चालतो आणि जमिनीवर बिघडतो, याचं हे साधं कारण.

रोबोकॉनची राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात बालेवाडीला व्हायची तेव्हाची गोष्ट सांगतो. एक टीम रात्री उशिरापर्यंत लाइन सेन्सरशी झुंजत होती. रोबोट संथ चालला की रेषा बरोबर धरायचा. वेग घेताना आठही डोळ्यांची रीडिंग एकदम साठेकांनी वर सरकायची. मुलं थ्रेशोल्ड (रेषा आहे की नाही ते ठरवणारा आकडा) बदलत होती. संथ चालीला जमलं की वेगाला बिघडायचं. मी खाली वाकून पाहिलं. सेन्सरच्या पट्टीची काळी वायर मोटर ड्रायव्हरच्या मायनसच्या स्क्रूत घातली होती, कारण तो स्क्रू जवळ होता. लाल आणि सिग्नलच्या वायरी मात्र मेगाकडे गेल्या होत्या. ड्रायव्हरपासून बॅटरीपर्यंतच्या वायरवर जे काही व्होल्टेज पडत होतं, ते सगळं सेन्सरच्या रीडिंगमध्ये मिसळत होतं. मेगाच्या दहा बिटांच्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) एक आकडा म्हणजे ४.९ मिलिव्होल्ट, ३०० भागिले ४.९, झाले एकसष्ट. ते साठ इथून आले होते. ती एक काळी वायर स्क्रूतून काढून मेगाच्या शेजारी आणली. थ्रेशोल्डला हात न लावता रोबोट वेगात रेषेवर पळाला. त्या रात्रीचे चार तास त्या मुलांना परत मिळाले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुम्हीही हे मोजा, पाच मिनिटांचं काम आहे. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर. काळा प्रोब मेगाच्या ग्राउंड पिनवर, लाल प्रोब एन्कोडरच्या कनेक्टरमधल्या ग्राउंडवर. सिग्नल नाही, ग्राउंडच. रोबोट भिंतीला टेकवा आणि अर्ध्या पीडब्ल्यूएमवर दोन सेकंद भिंतीवर ढकलू द्या. दोनच सेकंद, नाहीतर मोटर तापतील. आकडा वहीत लिहा. मग हेच लाइन सेन्सर, आयएमयू आणि चारही एन्कोडरना करा. दहापंधरा मिलिव्होल्ट आले तर ठीक. शंभरच्या पुढे गेलेला प्रत्येक आकडा म्हणजे त्या सेन्सरचा करंट मोटरच्या वाटेनं परत जातो आहे.

दुरुस्ती अशी. बॅटरीच्या मायनसपाशी एकच जागा ठरवा. तांब्याची पट्टी किंवा जाड बोल्ट चालेल. ड्रायव्हरच्या जाड काळ्या वायरी तिथे. सर्वोच्या बकची काळी वायर तिथे. मेगाच्या बकची काळी वायर तिथे. सेन्सरच्या सगळ्या काळ्या वायरी मात्र तिथे नाही, मेगाच्या शेजारच्या एका छोट्या झिरो पीसीबीवर (सोल्डरिंगच्या भोकांच्या बोर्डावर). प्रत्येक सेन्सरची लाल, काळी आणि सिग्नल वायर एकाच जुडग्यात, एकाच वाटेनं जायला हवी. रोबोटच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा ग्राउंड म्हणून वापर करू नका. एखाद्या मोटरची किंवा सेन्सरची बॉडी आतून मायनसला जोडलेली आहे का, तेही कंटिन्युइटीवर तपासा. नको तिथे बीप आली तर मधे प्लास्टिकचा वॉशर घाला.

ड्रायव्हरची जाड काळी वायर स्क्रूत ढिली झाली तर काय होतं, तेही सांगून ठेवतो. मोटरच्या करंटला घरी जायचंच असतं. मोठा रस्ता बंद झाला की तो ड्रायव्हर आणि मेगा यांच्यातल्या पीडब्ल्यूएमच्या बारीक काळ्या जंपरमधून निघतो. जंपरचं प्लास्टिक वितळतं, आणि बरेचदा मेगाही जातो. बारीक काळी वायर गरम लागली किंवा तिच्यावर सुरकुती दिसली, तर ती वायर बदलण्याआधी जाड वायरीचा स्क्रू तपासा.

आता आयएमयू. वर ३०० मिलिव्होल्ट म्हणालो, ते इथे फार महाग पडतात. जीवाय-५२१ नावानं मिळणाऱ्या एमपीयू६०५० च्या बोर्डावर आयटूसीच्या (चिप आणि मेगा ज्यांवरून बोलतात त्या) दोन्ही वायरींचे पुलअप, म्हणजे वायर वर धरून ठेवणारे रेझिस्टर, ३.३ व्होल्टला जोडलेले असतात, साधारण ४.७ किलोओहमचे, काही बोर्डांवर २.२. मेगावर २० आणि २१ नंबरच्या पिनांना १० किलोओहमचे पुलअप आहेत, ते ५ व्होल्टला. दोन्ही जोडले की वायर मोकळी असताना ती ना ३.३ वर असते ना ५ वर. हिशेब केला तर ३.६ ते ३.८ च्या आसपास थांबते. आणि मेगाच्या आयटूसीला ‘हाय’ समजायला पुरवठ्याच्या सत्तर टक्के, म्हणजे साडेतीन व्होल्ट लागतात. हाताशी उरतात एक ते तीन दशांश व्होल्ट. टेबलावर तेवढे पुरतात. ग्राउंड ३०० मिलिव्होल्टनी हलला की ‘हाय’ हा ‘हाय’ राहत नाही, एखादा क्लॉक पल्स मोजणीतून निसटतो आणि चिप व मेगा यांची गिनती जुळेनाशी होते. चिप शून्य पाठवण्याच्या मधेच असेल तर ती एसडीए (डेटाची वायर) खाली धरून पुढच्या क्लॉकची वाट पाहत बसते. मेगा ती वायर मोकळी होण्याची वाट पाहतो. दोघं एकमेकांची वाट पाहतात आणि रोबोट उभा.

पुढच्या वेळी बीप न येता अडकला की वीज बंद करू नका. आधी इमर्जन्सी दाबून मोटर तोडा, मग मल्टिमीटरनं एसडीए आणि एससीएल (क्लॉकची वायर) मोजा. एसडीए शून्य आणि एससीएल वर असेल, तर नेमका हाच प्रकार आहे. यावर तीन गोष्टी कराव्या लागतील आणि तिन्ही लागतील. बीएसएस१३८ मॉस्फेटचा छोटा लेव्हल शिफ्टर मधे घाला, म्हणजे दोन्ही बाजूंना आपापलं पूर्ण ‘हाय’ मिळेल. आयएमयू मेगापासून पंधरावीस सेंटिमीटरच्या आत आणा. आयटूसी ही एका बोर्डावरच्या चिपांसाठी केलेली पद्धत आहे, मीटरभर लांब केबलीसाठी नाही. आणि प्रोग्राममध्ये अर्डुइनोच्या वायर लायब्ररीचा टाइमआउट चालू करा. टाइमआउट लागला की एससीएलवर नऊ क्लॉक देऊन चिपला सोडवायचं आणि सेन्सर पुन्हा सुरू करायचा. रोबोटनं पन्नास मिलिसेकंद दिशा आंधळेपणानं धरली तर चालतं, तीन मिनिटांच्या सामन्यात तो कायमचा थांबला तर चालत नाही.

एन्कोडर. इथे आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, जो तुमच्या वर्णनात नाही: आकडे जास्त येतात की कमी? जास्त येत असतील तर गोंगाट. कमी येत असतील तर बहुधा प्रोग्राम मागे पडतो आहे. चाकावर मार्करनं खूण करा, हातानं सावकाश दहा फेऱ्या द्या. ए चॅनलची (एन्कोडरच्या दोन सिग्नलांपैकी एकाची) फक्त चढती कडा मोजत असाल तर ६,००० यायला हवेत. हातानं बरोबर येतात आणि वेगात कमी येतात, तर वायरिंगला हात लावू नका, इंटरप्टमधल्या (पल्स आला की लगेच चालणाऱ्या तुकड्यातल्या) ओळी कमी करा. त्यात सीरियल प्रिंट असेल तर आधी ती काढा.

जास्त येत असतील तर ही चाचणी मला सगळ्यात आवडते. रोबोट स्टँडवर. तीन मोटर चालवा, कधी पुढे कधी मागे, झटके देत. चौथी बंद, तिचं चाक स्थिर. चौथ्या चाकाचा काउंट हलला नाही पाहिजे. हलला तर तो आकडा चाकाचा नाही, शेजारच्या वायरीनं ढकललेला आहे. मग जुडगं हलवून बघा: एन्कोडरची केबल मोटरच्या वायरीपासून वीतभर लांब धरली की काउंट थांबतो का? थांबला तर गुन्हेगार सापडला.

तुमचे एन्कोडर ओपन कलेक्टरचे असण्याची शक्यता मोठी आहे. अशा एन्कोडरला वायर खाली ओढता येते, वर नेता येत नाही; वर न्यायचं काम पुलअपचं. मेगाच्या आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे इतका नाजूक की शेजारच्या मोटरच्या पीडब्ल्यूएमनं वायर सहज हलते. प्रत्येक चॅनलला मेगाच्या टोकाशी बाहेरून १ किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टला लावा. पाच मिलिअँपिअरच खर्च होतात आणि वायर घट्ट धरली जाते. शील्ड असलेली केबल असेल तर शील्ड फक्त मेगाच्या टोकाला ग्राउंड करा, एन्कोडरकडचं टोक कापून हीट श्रिंकनं झाका. मोटरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या. सेन्सरची केबल मोटरच्या वायरीला ओलांडणारच असेल तर काटकोनात ओलांडू द्या, शेजारीशेजारी पळू देऊ नका. मोटरच्या दोन टर्मिनलांवर १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर थेट सोल्डर करा. ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारी चिप) लावायचा विचार करत असाल तर पीसी८१७ एन्कोडरसाठी संथ पडतो, ६एन१३७ घ्या.

आणि एक फसवा प्रकार. रोबोट जागेवर उभा आहे, थोडा थरथरतो आहे, आणि काउंट हळूहळू एकाच दिशेनं वाढतो आहे. पुष्कळ जण याला गोंगाट समजतात. चाक नेमकं ए च्या कडेवर थांबलं की थरथरीनं ए वरखाली होत राहतो. तुम्ही फक्त चढती कडा मोजत असाल तर प्रत्येक वेळी एक मिळवला जातो, वजा कधीच होत नाही. चढती-उतरती दोन्ही कडा मोजल्या की मिळवलेला लगेच वजा होतो. हा दोष कुठल्याही केबलनं जाणार नाही.

तुमच्या रोबोटवर प्रॉक्सिमिटी (जवळची वस्तू ओळखणारा) सेन्सर नाही, पण टीम पुढे नक्की लावेल म्हणून सांगतो. तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल. आपल्याकडे काळी म्हणजे मायनस अशी हाताला सवय असते आणि तिथेच घात होतो. शिवाय एनपीएन (सिग्नल मायनसकडे ओढणारा) आहे की पीएनपी (सिग्नलवर प्लस देणारा) ते लेबलवर वाचा. २४ व्होल्टवर चालवलेला पीएनपी सेन्सर सिग्नलवर थेट २४ व्होल्ट देतो. मेगाची पिन ते एकदाही सोसत नाही.

राहिलं वायरिंगचं काम. सध्या तुमचं सगळं ब्रेडबोर्ड आणि जंपरवर आहे, हे फोटो न बघताही मी सांगू शकतो, कारण सगळ्यांचं असतं. विचार पक्का होईपर्यंत ते ठीक आहे, पण धावणाऱ्या रोबोटवर नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात की रिलीमेट किंवा लॉक असलेले जेएसटी कनेक्टर आणि त्यांचा क्रिंपिंगचा पक्कड, दोन्ही घेऊन या. पक्कड महाग वाटतो, पण साध्या पकडीनं चेपलेली पिन वायर धरते आणि तांबं नीट धरत नाही. क्रिंप झाल्यावर प्रत्येक वायर जोरात ओढायची. सुटली तर बरं झालं, इथे सुटली. वायर घेताना टोक ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, घेऊ नका. तिचा रोध जास्त आणि दोनचारदा वाकली की तुटते.

मोटर ड्रायव्हरच्या स्क्रूत जाणाऱ्या वायरीच्या टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि आज घट्ट आवळलेला स्क्रू चार दिवसांनी ढिला लागतो. थिंबल किंवा फेरूल (वायरीच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) चेपा. सगळं झाल्यावर रोबोट चालू ठेवून, मोटर तोडून, प्रत्येक कनेक्टर बोटानं हलवा, प्रत्येक जुडगं डावीउजवीकडे वाकवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं सांगाड्यावर टकटक करा. बझर दोनदा वाजला किंवा एखादं रीडिंग उडालं तर तिथेच थांबा. ही जागा तुम्हाला वर्कशॉपमध्ये सापडली. मैदानात सेटिंगला एकच मिनिट मिळतं, त्यात ती सापडत नाही.

त्या एका मिनिटात वायरिंग तपासता येत नाही, पण रोबोट जिवंत आहे की नाही ते कळतं. आमची मुलं ठरलेल्या क्रमानं चारच गोष्टी बघतात: बॅटरी २४.५ च्या वर, चालू करताना दोन बीप, प्रत्येक चाक हातानं किंचित फिरवून त्याचा दिवा बदलतो का, आणि लाइन सेन्सर रेषेवरून एकदा सरकवून आठही दिवे. चार जण, प्रत्येकाला एक. लाइन सेन्सरचं कॅलिब्रेशन मात्र मैदानातल्या दिव्यांखाली पुन्हा करा, वर्कशॉपचे आकडे तिथे चालत नाहीत.

कामाचा क्रम असा ठेवा: आज बझर आणि लाल वायर तोडलेली यूएसबी केबल. उद्या भिंतीला टेकवून ग्राउंडची मोजणी, काही न बदलता. त्यानंतर सर्वोचा वेगळा बक आणि ग्राउंडची मांडणी, आणि पुन्हा तीच मोजणी. आयएमयू आणि एन्कोडरकडे त्यानंतरच जा. ग्राउंड सुधारल्यावर त्यांचे निम्मे त्रास आपोआप कमी झालेले दिसतील आणि उरलेल्यांचं खरं कारण स्पष्ट होईल. एका वेळी एकच बदल. बदलाआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत, तारीख-वेळेसकट.

मोजणी झाली की ते सहा आकडे मला कळवा: चार एन्कोडर, लाइन सेन्सर, आयएमयू. सोबत रोबोटचा वरून काढलेला एक फोटो, ज्यात प्रत्येक काळी वायर कुठून निघून कुठे जाते ते दिसेल. नंतर कोणती वायर आधी हलवायची ते नेमकं सांगतो.